स्टाइनारचा तळहात

स्टाइनार इंजिनरूममधून वर यायचा तेव्हा आधी त्याचा वास यायचा, मग तो. डिझेलचा वास. माझ्या खिडकीसमोर रांगेत उभी असलेली माणसं मागे वळून न बघताच जरा बाजूला सरकायची आणि मी त्याचा कप भरायला घ्यायची. मी आमच्या फेरीबोटीवर स्वेले भाजते, एकोणीस वर्षं झाली. स्वेले म्हणजे जाड, मऊ, गोड धिरडं; लोणी आणि साखर लावून दुमडून हातात द्यायचं. लांगसेटच्या धक्क्यावरून तेर्नॉय बेटाला जायला पस्तीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ जो वर न येता आपल्या गाडीतच बसून राहतो तो एकतर आजारी असतो, नाहीतर परगावचा.

तो वास स्टाइनारच्या अंगात मुरला होता. त्याची बायको आसलाउग त्याचे कपडे घरातल्या मशीनमध्ये कधी टाकत नसे. होडीच्या शेडमध्ये एक जुनं मशीन होतं, त्यात ते वेगळे धुवायची, आणि तरी उशीच्या अभ्र्याला वास यायचाच. त्यावरून तिनं त्याला तीस वर्षं बोल लावले. पाहुणे आले की आधी खिडक्या उघडायची आणि मग त्याच्याकडे बघायची. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं डिझेलची फेरी विकली आणि बॅटरीवर चालणारी नवी आणली. त्यानंतर महिन्याभरानं आसलाउग मला दुकानात भेटली, तर डोळे सुजलेले. झोप लागत नाही म्हणाली. शेजारी कुणी परका पुरुष येऊन निजल्यासारखं वाटतं.

स्टाइनारचं तर त्याहून अवघड झालं होतं. जुन्या फेरीवर त्याला इंजिन पायाच्या तळव्यातून कळायचं. एकदा माझ्यासमोर स्वेलेचा घास तोंडाशी नेता नेता तो थांबला, कप खाली ठेवला आणि जिन्यानं खाली गेला. मला काहीच जाणवलं नव्हतं. चार मिनिटांनी धोक्याची घंटा वाजली, तोवर त्यानं पंप बंद केलेला होता. असं एकदा नाही, कितीतरी वेळा. त्याबद्दल तो बोलायचा नाही. विचारलंच तर म्हणायचा, पायांना कान असतात.

नव्या फेरीची इंजिनरूम मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला इस्पितळ आठवलं. पांढऱ्या भिंती, बॅटरीची पांढरी कपाटं ओळीनं, जमीन अशी स्वच्छ की तान्हं मूल निजवावं. आणि आवाज नाही. स्टाइनार तिथे मधोमध उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी राहिलेली बाई दिसते तसा. आमचा कॅप्टन ओडवार स्वभावानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. त्यानं पहिल्याच आठवड्यात स्टाइनारचं नाव फ्रिजवाला ठेवलं. रोज सकाळी वरून फोन करून विचारायचा, फ्रिजची दारं नीट लागली आहेत ना, दूध नासेल. फेरीवर असं नाव एकदा चिकटलं की सुटत नाही. स्टाइनार सत्तावन्नाव्या वर्षी शहरात शिकायला जाऊन आला, आपल्या मुलीपेक्षा लहान पोरांच्या बाकावर बसला, परीक्षा पास झाला, कागद घेऊन आला, तरी तो फ्रिजवालाच.

एकदाच तो माझ्याशी त्याबद्दल बोलला. म्हणाला, "लिव, चौतीस वर्षं मी आरडाओरडा करणाऱ्या यंत्राबरोबर काढली. हे तर श्वाससुद्धा घेत नाही. काय दुखतंय ते मला कसं कळायचं?"

मी त्याला स्वेलेवर साखर जास्त घालून दिली.

पुढच्या हिवाळ्यात मी त्याची कॉफी घेऊन खाली गेले, तर तो एका कपाटापाशी उभा होता. हातमोजा काढून तळहात पत्र्याला सपाट टेकवलेला, डोळे मिटलेले. ताप बघताना आई पोराच्या कपाळावर हात ठेवते, अगदी तसा. मी दारातच थांबले. त्यानं डोळे न उघडता मला बोलावलं आणि माझाही हात तिथे ठेवला. मला गार पत्रा लागला, बाकी काही नाही. थांब म्हणाला. मी थांबले. वर कॉफीची रांग वाढत असणार हे मला माहीत होतं, तरी थांबले. मग कधीतरी, अगदी खोलवर, मांजर दुसऱ्या खोलीत घुरघुरतं तसं काहीतरी हाताला लागलं. का मला भास झाला, कोण जाणे.

त्याच्याकडे एक वही होती. एका बाजूला यंत्राच्या पडद्यावरचे आकडे काय सांगतात ते, दुसऱ्या बाजूला हात काय सांगतो ते, पेन्सिलीनं. तीन वर्षांत चार वह्या भरल्या. खरं सांगते, मला वाटायचं की साठीला आलेला माणूस स्वतःची समजूत घालतो आहे. आसलाउगलाही तसंच वाटायचं. घरातल्या फ्रिजलाही आता हात लावून उभा राहतो म्हणाली.

त्या फेब्रुवारीतल्या शुक्रवारपर्यंत मला असंच वाटत होतं.

त्या दिवशी बोर्गहिल्डला घरी न्यायचं होतं. ती तेर्नॉयची, सत्त्याऐंशी वर्षांची. शेवटचे चार महिने लांगसेटच्या वृद्धाश्रमात होती, कारण बेटावर रात्रीची नर्स मिळत नाही. तिला ते अजिबात आवडलेलं नव्हतं. नवरा आर्नफिन रोज सकाळच्या फेरीनं जायचा आणि संध्याकाळच्या फेरीनं परत यायचा, आणि रोज ती त्याला एकच सांगायची: मला एकदा पलीकडे ने, आणि मग पुन्हा इकडे आणू नकोस. त्यानं कबूल केलं होतं. आर्नफिन नव्वदीचा आहे. अशा वयात माणूस फार गोष्टी कबूल करत नाही, पण केलेली विसरत नाही.

दुसरी गोष्ट दिव्याची. बोर्गहिल्ड आयुष्यभर दिवा लावून झोपली. ती सहा वर्षांची असताना तिचा बाप मासेमारीला गेला होता, खिडकीत दिवा ठेवलेला असायचा, आणि एका रात्री तेल संपत आलं म्हणून तिच्या आईनं एकच रात्र दिवा मालवला. त्या रात्री होडी खडकावर गेली. दिव्यानं ती वाचली असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही. वारा मोठा होता. पण तेव्हापासून बोर्गहिल्डच्या उशाशी दिवा आला तो आलाच. एकसष्ट वर्षांच्या संसारात आर्नफिन डोळ्यांवर टोपी ओढून झोपला, आणि एकसष्ट वर्षं फेरीवरच्या सगळ्यांना त्यानं त्याचं रडगाणं ऐकवलं. ही बाई मला जाळते आहे म्हणायचा. विजेचं बिल एकदा मला दाखवायला घेऊन आला होता.

आणि ती गेली तेव्हा त्यानं अंत्यविधीवाल्या वेगारला एकच गोष्ट मागितली. गाडीत तिच्याजवळचा दिवा जळत राहिला पाहिजे, थेट चर्चच्या दारापर्यंत.

वेगारनं शब्द दिला. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. त्याची शववाहिका नवीन होती, बॅटरीवरची, काळी, लांब, बाजूंना मोठ्या काचा. गाडीची बांधणी करणाऱ्यानं शवपेटीच्या चार कोपऱ्यांना चार जुन्या धाटणीचे पिवळे दिवे बसवले होते, कारण पांढरा उजेड घरच्यांना सोसत नाही. त्या दिव्यांसाठी पुढे एक साधं वेगळं बटण होतं. गाडी बंद असली तरी ते जळायचे.

शुक्रवारी सकाळी आठची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली. साडेनऊचीही झाली. लांगसेटच्या धक्क्यावर शववाहिका रांगेत पहिली उभी, आणि वेगारनं गाडी बंद करून टाकली होती. हीटर नाही, पंखा नाही, काही नाही. मेलेल्या माणसाशेजारी यंत्र घुरघुरत ठेवणं आमच्याकडे असभ्य समजतात. शेजारच्या घरात कुणी गेलं की लोक बर्फ काढायचं मशीनसुद्धा लावत नाहीत, फावड्यानं काढतात. म्हणून वेगार आणि आर्नफिन पुढच्या सीटवर पावणेतीन तास कोट गच्च ओढून कुडकुडत बसले. मागे फक्त चार दिवे जळत होते.

पावणेअकराला वारा पडला. शववाहिका रिवाजाप्रमाणे सगळ्यांत आधी चढली, मधल्या रांगेत, थेट पुढच्या दाराशी, आणि वेगारनं ती पुन्हा बंद केली. ओडवारनं झेंडा अर्ध्यावर आणला. मागून सत्तावीस गाड्या आणि सामन माशांचा एक ट्रक चढला. निघालो.

आर्नफिन वर आला, कॉफी घेतली, स्वेले नको म्हणाला. थोड्या वेळानं खाली डेकवर जाऊन आला आणि माझ्या खिडकीशी उभा राहिला. म्हणाला, "लिव, तिचा दिवा मंदावलाय."

मला वाटलं, नव्वदीचे डोळे आहेत, त्यातून रडलेले. तरी मी वेगारला सांगितलं. तो खाली गेला तोवर आम्ही तेर्नॉयला लागत होतो. रॅम्प खाली आला, समोरचं दार उघडलं, आणि कुणीच हललं नाही.

शववाहिका सुरू होत नव्हती.

किल्लीचं बटण दाबलं तर दारसुद्धा उघडेना. वेगारनं किल्लीच्या पोटातली लोखंडी पट्टी काढून ते उघडलं. आत गाडीचा पडदा काळा. आदल्या रात्रीच चार्ज केली होती, बंद करताना एकाहत्तर टक्के होती, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, जसं काही कुणी त्याच्यावर आरोप करत होतं. आमच्याकडे आता प्रत्येकाच्या दारात बॅटरीची गाडी आहे, त्यामुळे प्रत्येकजण तज्ज्ञ आहे. लोक हळूहळू गोळा झाले आणि दबक्या आवाजात सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला थंडीनं होतं. एकजण म्हणाला कुलूप लावून दहा मिनिटं हात लावू नका, रुसवा जातो. तिसऱ्यानं विचारलं की अख्खी फेरी बॅटरीवर चालते, त्यातून एक वायर हिला का देत नाही. तेही करून पाहिलं. डेकवर चार्जिंगची जागा आहे, तिथली केबल लावली. गाडीनं तिची दखलही घेतली नाही.

ढकलायचं म्हटलं तर हँडब्रेक विजेवर, चाकं दगडासारखी. मग कुणीतरी म्हणालं, पेटी काढा, खांद्यावर नेऊ. चर्च दोन किलोमीटरवर आहे, माणसं भरपूर आहेत. पण मागचं दारही बटणावरच उघडायचं, आणि बटण मेलेलं. म्हणजे बोर्गहिल्ड घरी पोचली होती, समोर चर्चचा मनोरा दिसत होता, बेटावरचे सगळे झेंडे अर्ध्यावर आलेले दिसत होते, धक्क्याच्या वरच्या अंगाला काळ्या कपड्यांतली माणसं उभी होती, आणि मधे एक काच होती. त्या काचेमागे चार दिवे विझत चाललेल्या निखाऱ्यांसारखे.

ओडवारनं लाउडस्पीकरवरून सांगितलं की बाजूच्या दोन्ही रांगांना जागा आहे, त्यांनी उतरून घ्यावं. कुणीही गाडी सुरू केली नाही. शववाहिकेच्या पुढे कुणी जात नाही. सामनच्या ट्रकवाल्याला रॅम्प पूर्ण टेकायच्या आत भोंगा वाजवायची सवय आहे, त्यावरून मी त्याच्याशी दोनदा भांडले आहे. तो खाली उतरला, आपलं दार दोन्ही हातांनी हळूच लावलं आणि टोपी काढून उभा राहिला. त्याच्या ट्रकमध्ये बर्फावर चार टन मासे होते.

मग ओडवार स्वतः खाली आला. त्यानं वेगारला बाजूला घेऊन सांगितलं, पण डेकवर सगळं ऐकू येतं. पलीकडे लांगसेटला सकाळपासून माणसं अडकली आहेत, त्यात इस्पितळात वेळ घेतलेली आहेत. सव्वाबारापर्यंत थांबतो. तोवर नाही जमलं तर शववाहिका तशीच घेऊन परत जावं लागेल. वर्कशॉपचा माणूस लांगसेटलाच येऊ शकतो. विधी एक वाजता होता. पाद्रीणबाईंकडे तीन बेटं आहेत आणि त्यांची तीनची बोट गेली की त्या मंगळवारीच पुन्हा येणार. म्हणजे बोर्गहिल्ड चार दिवस पलीकडे.

आर्नफिन काचेशी उभा होता. त्यानं मान वळवली नाही. एवढंच म्हणाला, "परत नाही."

बारा वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा स्टाइनार वर आला. फेरी धक्क्याला लागली की खालची चार्जिंगची कामं असतात, ती उरकून आला. चिंधीनं हात पुसत आला. सहा वर्षांत पुसण्यासारखं हाताला काही लागलेलं नाही, पण सवय. गर्दीनं त्याला वाट दिली. त्यानं वेगारला तीन-चार प्रश्न विचारले, किती वेळ बंद होती, काय काय चालू होतं, आणि मग त्याला समजावलं, अगदी माझ्याशी बोलतो तसं, एकेक शब्द मांडून. मोठी बॅटरी भरलेलीच आहे. पण गाडी बंद केली की ती कुलुपात जाते. ते कुलूप उघडायला पुढे एक छोटी बॅटरी असते, पावाच्या लादीएवढी. ती मेली की संपलं. कोठार भरलेलं आहे आणि किल्ली विहिरीत पडली आहे.

वेगारच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. आतला चाप ओढून बॉनेट उघडलं. स्टाइनारनं खालून बंद पडलेल्या गाड्यांना विजेचा धक्का द्यायचा जो छोटा डबा असतो तो आणला, त्याचे दोन चिमटे लावले आणि वेगारला बटण दाबायला सांगितलं.

पडदा उजळला. गाडीच्या पोटातून टकटकटकटक असा आवाज आला, थंडीनं दात वाजतात तसा. आणि मागचे चारही दिवे लखकन पेटले. आर्नफिनचा चेहरा मला दिसत होता. त्या उजेडात तो एकदम सैल पडला, जसं काही तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग टकटक थांबली, पडदा काळा झाला, आणि दिवे पुन्हा मंद.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. वेगार म्हणाला की डबाच कमजोर आहे, थंडीत पडून पडून अर्धा झालाय. ते खरं होतं. दुसरा डबा नव्हता. बारा वाजून गेले होते.

स्टाइनारनं उजव्या हाताचा मोजा काढला. आधी चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवला. मग मान हलवली, आणि तो डेकवर आडवा झाला, खाऱ्या पाण्यानं आणि बर्फाच्या चिखलानं भरलेल्या डेकवर, त्रेसष्ट वर्षांचा माणूस. दाराच्या खालून हात घालून त्यानं तळहात गाडीच्या पोटाला टेकवला. चिमटे धरायला माणूस हवा होता. ओडवार जवळ होता, त्यानं चिमटे हातात घेतले.

"आता," स्टाइनार म्हणाला.

टकटकटकटक. दिवे उजळले. मंदावले. स्टाइनारनं डोळे मिटलेले होते. तो तसाच पडून राहिला, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, चाळीस-पन्नास माणसं. मला त्याच्या वह्या आठवल्या. मला वाटलं, देवा, या माणसाला आता काही लागू दे हाताला. काहीही.

तो कोपरावर उठला. म्हणाला, "ती उठायला बघते आहे. तिचं बोट कुलुपापर्यंत पोचतंय. पण दर वेळी तिच्या तोंडचा घास दुसरं कुणीतरी खातंय." आणि त्यानं मागे पाहिलं, दिव्यांकडे.

वेगारला ते त्याच क्षणी कळलं. कदाचित आधीच कळलेलं असावं. चार जुने दिवे, पावणेतीन तास धक्क्यावर, पस्तीस मिनिटं पाण्यावर. लहान बॅटरी त्यांनीच पिऊन टाकली होती, आणि आता डब्यातून येईल तेही तेच पीत होते. दिवे बंद केले तर जमेल. एक बटण. ते वेगारच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. पण त्यानं हात मांडीवर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला की मी त्यांना शब्द दिलाय, मी ते करू शकत नाही.

स्टाइनार उठला. अर्ध्या अंगाला चिखल. तो आर्नफिनजवळ गेला. आर्नफिन त्याला जन्मापासून ओळखतो. स्टाइनारला पहिली होडी वल्हवायला आर्नफिननं शिकवलं होतं.

"आर्नफिन, दिवे मालवायला लागतील. दोन मिनिटं."

आर्नफिन काचेकडेच बघत म्हणाला, "तिची आईसुद्धा एकच रात्र म्हणाली होती."

ओडवार चिमटे धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं संपलं, कारण याच्यापुढे काय बोलणार? दोन मिनिटांनी काही होत नाही असं त्या माणसाला कोण सांगणार?

स्टाइनारनं सांगितलं नाही. त्यानं छातीवरच्या खिशातून आपला टॉर्च काढला, फेरीचा, पिवळ्या रबराचा, ज्याच्यावर नंबर घातलेला असतो. तो पेटवला, आर्नफिनच्या हातात दिला आणि त्याचा हात धरून काचेला टेकवला. उजेड आत पेटीवर पडला, बोर्गहिल्डच्या डोक्याच्या बाजूला, जिथे पांढरी फुलं ठेवलेली होती.

"मग अंधार करायचाच नाही," तो म्हणाला. "हा तू धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

आर्नफिननं दोन्ही हातांनी धरला. काचेला टेकवलेला उजेड हलला नाही. त्यानं मान डोलावली.

वेगारनं बटण दाबलं. चार दिवे गेले. काचेच्या आत एवढासा गोल उजेड राहिला.

स्टाइनार पुन्हा चिखलात आडवा झाला, हात आत घातला. ओडवारनं चिमटे लावले. टकटकटक... आणि टकटक थांबली. मला वाटलं, गेली. मग गाडीच्या पोटातून, खूप खालून, एकच आवाज आला. खट्. भरीव, जड. मोठ्या घरात आतल्या आत कुठलंतरी दार चौकटीत नीट बसावं तसा. आणि त्यानंतर काहीच नाही. कसलाही आवाज नाही.

मी दोन मुलांना जन्म दिला आहे, दोघंही टाहो फोडत आली. काहीतरी जिवंत झाल्याची खूण आवाज असते असंच मी धरून चालले होते. इथे एवढी मोठी ताकद जागी झाली होती आणि सगळीकडे फक्त पाण्याचा चपचप आवाज होता. कुणाला कळलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघायच्या आधीच स्टाइनार डोळे मिटूनच म्हणाला, "आली."

मग पडदा उजळला. एकाहत्तर टक्के.

वेगारनं दिवे पुन्हा लावले, आता ते स्थिर, भरपूर पिवळे. स्टाइनारनं त्याला बजावलं की चर्चच्या दारातून ती आत जाईपर्यंत गाडी बंद करायची नाही. गाडी चालू असली की मोठी लहानीला पाजत राहते. वेगार घुटमळला. मेलेल्या माणसाजवळ यंत्र चालू ठेवणं बरं दिसेल का, असं त्यानं विचारलं.

"ती काही बोलत नाही," स्टाइनार म्हणाला. "मला हे मान्य करायला सहा वर्षं लागली. तुला दोन किलोमीटर आहेत."

आर्नफिनला पुढच्या सीटवर बसवलं. स्टाइनारनं सांगितलं की आता सोडला तरी चालेल, पण आर्नफिननं टॉर्च विझवला नाही. तो सीटवर अर्धा वळून बसला आणि मागे पेटीवर उजेड धरून राहिला, भर दुपारी, चार दिव्यांच्या जोडीला पाचवा. शववाहिका रॅम्पवरून वर गेली. तिचा आवाज आला नाही, फक्त चाकांखाली बर्फ चुरला तेवढाच. काळ्या कपड्यांतली माणसं तिच्यामागून चालू लागली. चर्चच्या वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत डेकवर एकही गाडी हलली नाही. मग सामनचा ट्रक निघाला, भोंगा न वाजवता.

स्टाइनार रॅम्पच्या कडेला उभा होता, मोजा हातात, तळहात उघडाच. थंडीनं लाल झालेला. तो तळहाताकडे बघत नव्हता. वळणाकडे बघत होता. मी त्या हाताकडे बघत होते. पुष्कळ वर्षं मी त्याच्या हातात कप दिला आहे. मला तो हात कधी दिसला नव्हता.

बारा सोळाला आम्ही परत निघालो. ओडवार वर सुकाणूच्या खोलीत जाण्याआधी माझ्या खिडकीशी आला आणि दोन स्वेले मागितली. मी कागदात गुंडाळली. त्याला वाटेत गाठून कुणी थट्टा केली, आज फ्रिज चांगला चालला म्हणून. दोन्ही स्वेले घेऊन ओडवार स्वतः जिन्यानं खाली इंजिनरूममध्ये गेला. त्या जिन्यानं खाली जाताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

आर्नफिन आता बुधवारी लांगसेटला जातो, डॉक्टरकडे. मागच्या महिन्यात कॉफी घेताना त्यानं मला सांगितलं की झोपेचं काही खरं नाही. एकसष्ट वर्षं टोपी डोळ्यांवर ओढून झोपायची सवय. अंधारात टोपी ओढली काय आणि न ओढली काय. म्हणून थोडा उजेड ठेवतो म्हणाला. त्याच्या कोटाचा खिसा फुगलेला होता.

महिनाअखेरीला फेरीवरच्या सुरक्षेच्या सामानाची मोजणी होते. तो तक्ता माझ्या खिडकीशेजारी टांगलेला असतो. हातातले टॉर्च: असायला हवेत सहा. आहेत पाच. शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं असतं, हरवला, मोडला, पाण्यात पडला. तिथे पेन्सिलीनं, वहीतल्याच अक्षरात, एक शब्द आहे. खाली ओडवारची सही आहे, कारण कॅप्टननं मान्य केल्याशिवाय तो तक्ता पुढे जात नाही.

वापरात.